पाचव्या पायरीवरची थोरली

मी विहिरीच्या पाचव्या पायरीवरून बोलतेय. पायऱ्या वरून मोजा. खालच्या पायऱ्या कधी पाण्यात असतात, कधी बाहेर, त्यांचा काही भरवसा नाही.

नाव विचाराल तर पंचाईत आहे. गावात मला सगळे शेवाळ म्हणतात. शेवाळ ही माझी लांबची नातेवाईक. ती पाण्यावर तरंगते, बुळबुळीत असते, माणसांचे पाय घसरवते आणि शिव्या मात्र मला खायला लावते. मी दगडाला धरून असते. हिरवी, चपटी, नखाएवढ्या पापड्यांची, कडेला जराशी जांभळट. मला खोड नाही, पानं नाहीत, मूळ म्हणावं असं मूळ नाही. खालच्या अंगाला बारीक केस आहेत, त्यांनीच काय तो दगड धरायचा. एवढ्या भांडवलावर माझं बरं चाललंय.

ही विहीर आदगोंडा पाटलांच्या मळ्यात आहे. सांगलीपासून नऊ-दहा मैलांवर, वारणेच्या अंगाला. आदगोंडांच्या वडिलांनी ती काळ्या दगडात बांधून घेतली. मला कुणी लावलं नाही. धुळीच्या कणाएवढी होते तेव्हा वाऱ्यानं आणलं आणि दोन दगडांच्या सांध्यात सोडून दिलं. तिथं ओल होती, सावली होती. आणखी काय पाहिजे?

सावली होती ती बकुळीची. विहिरीच्या काठावर तिचं जुनं झाड आहे. तिचा तोरा काय सांगू! फुलं आली की बायका पदर पसरून खाली बसायच्या, एकेक वेचायच्या, माळा करायच्या. फुलं सुकली तरी वास जात नाही म्हणून ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत ठेवायच्या. पोपट यायचे, मैना यायच्या. वाटसरू तिच्या बुंध्याला टेकून भाकरी सोडायचे आणि उठताना "झाड लय थंडगार हाय गड्या" असं म्हणून जायचे. माझ्याकडं बघून कुणी काही म्हटलंच तर ते एवढंच, "पाय जपून टाक." खोटं कशाला बोलू, पहिली काही वर्षं माझ्या पोटात दुखायचं.

ते दुखणं थांबलं राजमतीमुळं.

राजमती ही आदगोंडांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी आली. पुढं आदगोंडांची बायकोही गेली, तेव्हा मागं राहिलेल्या दोन वर्षांच्या गुणमालेला हिनंच वाढवलं. घरात आणि गावात तिला सगळे आत्ती म्हणतात. आत्ती रोज सकाळी पितळी घागर आणि दुहेरी घडीचं पांढरं कापड घेऊन विहिरीवर यायची. पाणी त्या कापडातून गाळायची. मग कापड उलटं करून गाळलेल्या पाण्यानंच अलगद खंगाळायची आणि ते पाणी भांड्यातून दोरीनं हळूहळू खाली सोडून परत विहिरीत मिळवायची. कापडावर जे डोळ्यांना न दिसणारे जीव अडकले असतील, ते ज्या विहिरीतले त्याच विहिरीत गेले पाहिजेत. ह्याला जिवाणी सोडणं म्हणतात. जैनांच्या घरची ही रीत. ह्या कामात तिनं कधी घाई केल्याचं मला आठवत नाही.

आणि ती उतरताना चौथ्या पायरीवरून पाय थेट सहाव्या पायरीवर टाकायची. एकदा लहानग्या गुणमालेनं विचारलं, "आत्ती, मधली पायरी का सोडतीस?"

"तिथं हिरवं हाय न्हवं? त्यात अनंत जीव हाईत."

"आन बकुळीत?"

"बकुळ केवढी बी मोठी असंना, तिच्यात तिचा एक जीव. पानाचा एक पानात, फुलाचा एक फुलात. पर ह्या शेवाळात, एवढ्याशा तुकड्यात, मोजता येणार न्हाईत एवढे. शास्त्रातच हाय तसं."

मला शास्त्र कळत नाही. माझ्यात अनंत जीव आहेत की एकच, हे मी तरी कसं सांगणार? पण त्या दिवशी मी बकुळीकडं जरा वर मान करून बघितलं.

गुणमाला मोठी झाली. शाळेत पहिली यायची. आदगोंडा फार बोलणारे नव्हते, पण पोरीच्या हुशारीचा त्यांना आतून अभिमान होता. त्यांनी तिला सांगलीला कॉलेजात घातलं. गावातून बी.एस्सी.ला गेलेली ती पहिलीच मुलगी. सकाळच्या एसटीनं जायची, संध्याकाळी यायची आणि आल्यावर विहिरीच्या पायऱ्यांवर आत्तीला दिवसाची सगळी हकीकत सांगायची. म्हणून तर मला एवढं माहीत आहे. मी कधी सांगलीला गेलेली नाही.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. त्या वर्षी एका मुनीमहाराजांचा चातुर्मास आमच्या गावात होता. आषाढात आत्तीनं त्यांच्यापुढं नेम घेतला, चार महिने हिरवं तोडायचं नाही आणि खायचं नाही. शेजारी गुणमाला उभी होती. तिनंही हात जोडून तोच नेम घेतला. वनस्पतीशास्त्र शिकणाऱ्या मुलीनं हिरवं न तोडण्याचा नेम घ्यायचा! बकुळ हसली असेल, मी तर हसलेच. पण पोरीनं तो मनापासून घेतला होता. कॉलेजात बाकावरची मैत्रीण देठ कापायची आणि ही नुसतं बघून चित्र काढायची. ह्या पळवाटेबद्दल आत्तीला काही सांगितलेलं नव्हतं. मला मात्र एकदा ती हळूच सांगून गेली.

श्रावणात एक दिवस ती धावतच पायऱ्या उतरली.

"आत्ती, सरांनी सगळ्यांना जोड्या वाटून दिल्या. एक लिव्हरवर्ट आन एक फुलझाड. दोघांची तुलना करून जर्नलात लिवायची. मला वाटलं, आता लिव्हरवर्ट कुटं शोधू? आन ही बघ, आपल्याच पायरीवर!"

"काय म्हणालीस हिला?"

"लिव्हरवर्ट. यकृताच्या आकाराची दिसती म्हणून."

आत्तीनं तोंड वाकडं केलं. "त्यास्नी दुसरं काय सुचलं न्हाई व्हय? हिरव्याला आतड्या-काळजाची नावं!"

नाव मलाही फारसं आवडलं नाही. पण एवढ्या वर्षांत कुणी मला नाव तरी दिलं, हे काय थोडं झालं?

त्या दिवसापासून गुणमाला रोज संध्याकाळी भिंग घेऊन माझ्यापुढं बसायला लागली. दुसरी बाजू म्हणून तिनं बकुळ घेतली. झाडाखाली पडलेली फुलं, गळालेली पानं, पिकून पडलेली दोन फळं, सगळं न तोडता मिळालं. मग तिनं कागदावर उभी रेघ मारली आणि मोठ्यानं वाचत लिहू लागली. बकुळीला मूळ आहे, हिला नाही. बकुळीला खोड आहे, हिला नाही. फूल आहे, नाही. फळ आहे, नाही. बी आहे, नाही. माझी सगळी बाजू नुसत्या 'नाही'नं भरली. हे ऐकून घेताना माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच ठरवा.

आठ दिवसांनी तिनं तो कागद फाडला.

"असं न्हवं," ती स्वतःशीच म्हणाली. "हिला काय न्हाई ते बकुळीकडं बघून लिवलं. हिच्याकडं बघितलंच न्हाई."

मग ती खरोखरच माझ्याकडं बघू लागली. माझ्या अंगावरची श्वासाची बारीक छिद्रं तिनं मोजली. पाणी मी मुळानं पीत नाही, सगळ्या अंगानं पिते, हे तिला कळलं. माझ्यावर पावसाळ्यात देठाची इवलीशी छत्री उगवते, तिच्याखाली माझी पुढची पिढी वाढते, तीही तिनं काढली. ऊन पडलं की मी काळी पडून गुंडाळते, पाणी मिळालं की उलगडते. त्या दोन्ही अवस्थांची तिनं शेजारी शेजारी चित्रं काढली आणि खाली वेळ लिहिली. एकेका चित्राला दोन-दोन संध्याकाळी लागायच्या.

एक दिवस ती आत्तीला म्हणाली, "गंमत सांगू? प्रत्येक झाडाच्या दोन पिढ्या असत्यात. एकीतनं दुसरी, दुसरीतनं परत पहिली. बकुळीची एक पिढी म्हंजे हे सगळं झाड, आन दुसरी फुलाच्या आत, डोळ्याला दिसत न्हाई एवढी. हिचं उलटं हाय. बकुळीनं जी आत झाकून ठिवलीया ती हिची उघड्यावर, आन बकुळीची जी एवढी मोठी ती हिची ह्या छत्रीखाली झाकल्याली."

आत्तीनं वाकून छत्री बघितली, मग वर बकुळीकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे दोघींच्या घरात भांडी तीच. मांडणी तेवढी येगळी."

"व्हय. असंच लिवते मी," गुणमाला म्हणाली आणि तिनं खरंच तसं लिहिलं.

इथपर्यंत सगळं गोड होतं. भाद्रपद लागला आणि गुणमाला एकदा कॉलेजातून आली ती तोंड उतरवून. तिचे शिकवणारे जाधव सर मूळचे कराडजवळच्या मलकापूरचे, शिस्तीचे कडक. त्यांनी वर्गात सांगितलं होतं की दोन्ही वनस्पतींचा नमुना पाहिजे. फुलझाडाचा सुकवून चालेल, पण लिव्हरवर्ट ओलं, दगडापासून सोडवलेलं, बाटलीत औषधात बुडवून. नमुना नाही तर जर्नलवर सही नाही. सही नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.

"मग कार्तिकात दे की," आत्ती म्हणाली.

"पुढच्या शनवारी शेवटची तारीख हाय."

"दुसऱ्या कुणाला तोडाय लावू नगं हं. करणं आन करवून घेणं एकच असतंय."

गुणमालेनं मान खाली घातली. तिला बाकावरची मैत्रीण आठवली असणार.

संध्याकाळी आदगोंडा विहिरीवर हातपाय धुवायला आले. पोरीनं सगळं सांगितलं. ते बराच वेळ टॉवेलनं हात पुसत राहिले.

"नेम मोडू नगंस. महाराजांपुढं घेतल्याला हाय."

"आन परीक्षा?"

"वरीस बी बुडवू नगंस."

"आण्णा, दोन्ही कसं जमायचं?"

"ते मला काय कळतंय? पर वरीस बुडालं तर परत कॉलेज न्हाई. आधीच सांगून ठेवतो." ते निघून गेले. वाईट माणूस नव्हे. पण भावकीत त्यांनी पोरीसाठी किती बोलणी ऐकली होती, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

आता गुंडाविषयी सांगते. गुंडा हा मळ्यातला जुना गडी. चाळिशीचा, कामाला वाघ, मनानं साधा. मुनीमहाराजांच्या आहाराची पाळी पाटलांच्या घरावर आली. आहारासाठी पाणी विहिरीचंच लागतं, त्याच दिवशी काढलेलं आणि गाळलेलं. आदल्या दिवशी आत्ती गुंडाला म्हणाली, "उद्या महाराजांसाठी पाणी काढायचंय. जरा विहीर साफसूफ करून ठेव." तिच्या मनात वरचा पालापाचोळा होता.

गुंडानं विचार केला, एवढे मोठे महाराज, त्यांच्या पाण्याच्या वाटेवर घाण कशाला? त्यानं खुरपं घेतलं, नारळाची शेंडी घेतली आणि पहिल्या पायरीपासून घासत खाली आला. मनात भक्ती, तोंडात भजन.

पाचव्या पायरीवर त्याचं खुरपं माझ्याखाली शिरलं.

दुखलं का, असं विचाराल. तुम्हाला दुखतं तसं नाही दुखत आम्हाला. पण जन्मापासून ज्या दगडाला धरलं होतं तो सुटला, आणि पहिल्यांदाच माझी खालची बाजू उघडी पडली. मला भीती वाटली. पाटीत माती, पाला आणि मी, सगळं एकत्र बकुळीच्या बुंध्याशी ओतलं. फटीत एवढासा तुकडा राहिला, तो सोडला तर मी पायरीवर उरले नाही.

संध्याकाळी आत्ती आणि गुणमाला आल्या. आत्तीनं चौथ्या पायरीवर पाय ठेवला आणि तशीच थांबली.

"गुंडा, हितलं हिरवं कुटं गेलं?"

"आवं, खरवडून काढलं की! महाराजांचं पाणी जायाचं ह्या वाटंनं. पायरी कशी लख्ख केली बघा."

आत्तीचं तोंड बघून तो घाबरला. "चुकलं व्हय काय आत्ती?"

"तुझं न्हाई रं. माझं चुकलं. साफ कर म्हणाले, काय साफ कर ते सांगितलं न्हाई." ती खाली बसली. डोळ्यांना पदर लावला. पायरीवरच्या हिरव्यासाठी रडणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली, आणि ते हिरवं मी होते. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं.

मग ती उठली. "चल गुणा. सगळं गोळा करूया. ज्याचं घर त्याला."

तिघंही ढिगाऱ्याशी बसली. पालापाचोळ्यातून माझा एकेक तुकडा वेचला. आत्तीनं ओल्या मातीचा पातळ लेप पायरीवर दिला आणि तुकडे जसे होते तसे, हिरवी बाजू वर करून, दाबून लावायला सुरुवात केली. गुंडा पाणी शिंपडत होता आणि दर दोन मिनिटांनी "लागंल का आत्ती?" असं विचारत होता.

गुणमाला ढिगाऱ्याशी एकटी राहिली. तिच्या हाताला एक तुकडा लागला. सगळ्यांत चांगला, अखंड, वर छत्रीसुद्धा शाबूत. सरांना पाहिजे होता अगदी तसा. तिनं इकडं तिकडं बघितलं. कॉलेजातून नमुन्यासाठी मिळालेली औषधाची बाटली पिशवीत होतीच. तिनं ती काढली, झाकण उघडलं. त्याचा उग्र वास माझ्यापर्यंत आला.

तिनं तोडलं नव्हतं. तोडायला कुणाला सांगितलंही नव्हतं. नेम शाबूत, परीक्षा शाबूत, आण्णा खूश. मी तिच्या तळहातावर होते. तळहात ऊबदार होता. मला बोलता आलं असतं तर मी काय म्हटलं असतं? टाक म्हटलं असतं की नको म्हटलं असतं? आजही मला सांगता येणार नाही.

"तोडलं मी न्हाई," ती पुटपुटली. "पर आता मारणार मी."

तिनं झाकण लावलं. पायऱ्या उतरून आली आणि मला माझ्या जागेवर ठेवून अंगठ्यानं हळूच दाबलं. आत्तीनं बघितलं आणि पुढचा तुकडा उचलला. दुसऱ्या दिवशी आत्तीनं प्रायश्चित्त म्हणून उपास केला. गुंडानंही केला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. पाऊस थांबला, भादव्याचं ऊन कडकडीत पडलं. विहिरीवर पाणी शिंपडायची सवय गुंडानं ठेवली होती, पण शेताच्या गडबडीत दोन-तीन दिवस तोही चुकला. माझे काही तुकडे कुजून गेले. उरलेली मी गुंडाळून काळी पडले.

गुरुवारी गुणमालेनं नमुन्याशिवाय जर्नल सरांपुढं ठेवलं. संध्याकाळी पायरीवर बसून तिनं आत्तीला जे सांगितलं ते असं. सरांनी पानं उलटली, चित्रं बघितली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कुठल्या पुस्तकातनं उतरवलंस हे?" ती म्हणाली, "बघून काढलंय सर, रोज." सर म्हणाले, "वीस वर्षं शिकवतोय मी. काळं पडलेलं रोप दहा मिनिटांत असं उलगडतं म्हणे! नमुना नाही आणि वर ही चोरी?" सगळा वर्ग ऐकत होता. तिनं रडू आवरलं आणि एवढंच म्हणाली, "माझ्या गावाला या सर. पायरीवर हाय ती."

"मग? येणार हाईत?" आत्तीनं विचारलं.

"काय बोलले न्हाईत."

शुक्रवारी दुपारच्या एसटीनं जाधव सर आले. उंच, सावळे, खांद्याला मिलिटरीतल्या भावाची खाकी पिशवी. आदगोंडा त्यांना घेऊन विहिरीवर आले. मागं गुणमाला, आत्ती, आणि सगळ्यांत मागं खांबासारखा गुंडा.

"कुठं आहे?" सर म्हणाले.

गुणमालेनं पायरी दाखवली. वाळलेल्या मातीच्या लेपावर काळ्या, सुरकुतलेल्या पट्ट्या. सरांनी भिंग लावून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हे मेलंय."

"माज्या खुरप्यानं मेलं," गुंडा मागून म्हणाला.

आदगोंडांनी पोरीकडं बघितलं. तिची सगळी कॉलेजं, सगळी पुस्तकं त्या घटकेला माझ्यावर टेकून उभी होती, आणि मी जिवंत आहे की नाही हे मला स्वतःलाच नक्की सांगता येत नव्हतं. खुरप्याखालून निघाल्यावर, परत चिकटवल्यावर, तीन दिवस उन्हात पडल्यावर मी पूर्वीसारखी उलगडेन का, हे मी कधी करून बघितलं नव्हतं.

आत्तीनं घागरीतलं गाळलेलं पाणी तांब्यात घेतलं. ती खाली बसली आणि माझ्यावर हळूहळू धार सोडली.

"बसा सर. जरा दम धरा."

सर बसले. सुपारी कातरून व्हायला वेळ लागतो तेवढा गेला. पाणी माझ्या अंगात शिरत होतं. आधी कडा सैल झाल्या. मग एक पापडी हलली, मग दुसरी. काळेपणा खाली वळला आणि आतलं हिरवं वर आलं. अंगठ्यानं दाबलेला तो तुकडा सगळ्यांत आधी उघडला, छत्रीसकट.

सर पायरीवर पालथे झोपले. पँट चिखलानं भरली त्याचं त्यांना भान नव्हतं. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात गुणमालेचं जर्नल. कधी चित्राकडं बघायचे, कधी माझ्याकडं.

"वीस वर्षं बाटलीतलंच बघत आलो," ते उठून म्हणाले. "पोरी, चोरी म्हणालो ते मागं घेतो. सोमवारी वर्गातपण सांगतो."

आत्तीला ह्या सगळ्यापेक्षा दुसरंच विचारायचं होतं. "सर, तुमच्या शास्त्रात ह्या दोघींत मोठी कोण? बकुळ का ही?"

"वयानं विचारत असाल तर ही. जमिनीवर पहिल्यांदा ज्या वनस्पती आल्या, त्यांच्या घराण्यातली. फुलझाडं फार नंतर आली. ही थोरली, ती धाकटी."

"व्हय?" आत्तीनं वर बघितलं, खाली बघितलं. "थोरली खाली बसलीया, आन धाकटी सावली धरून हुबी हाय. घर चांगल्या वळणाचं दिसतंय."

सगळे हसले. गुंडा तर डोळे पुसत हसला. बकुळीवरचा माझा जुना राग त्या क्षणी गेला तो गेलाच.

सरांनी पिशवीतून पेन काढलं, मांडीवर जर्नल ठेवलं आणि सही केली. माझ्या नावाखाली नमुन्यासाठी जी मोकळी चौकट होती तिच्यात त्यांनी इंग्रजीत काहीतरी लिहिलं. आदगोंडांनी विचारलं, "काय लिवलंय?" गुणमालेनं मराठीत वाचून दाखवलं, "नमुना जागेवर आहे. जिवंत."

आज एकोणऐंशी साल आहे. विहिरीवर विजेची मोटर बसली, त्यामुळं पायऱ्या उतरणारे कमी झाले. मला त्याचं वाईट वाटत नाही, शांतता आवडायला लागलीय. मी आता सहाव्या पायरीवरही पसरलेय. आत्तीचे गुडघे दुखतात, ती वरच बसते. गुंडा माझा राखणदार झालाय. कुणी धुणं आपटायला आलं की ओरडतो, "आवं, तिकडं! हितं कॉलेजाची पोरं शिकाय येत्यात!" आणि खरंच, जाधव सर दर पावसाळ्यात वर्ग घेऊन येतात, बाटल्या न आणता. गुणमाला कवठे महांकाळला शाळेत शिकवते. तिकडं माझ्यासारखं काही सापडत नाही, फार कोरडं आहे, असं ती सुट्टीत येऊन मला सांगते.

मागणं म्हणाल तर माझं फार नाही. मोठ्या झाडापाशी जरूर थांबा, ते थांबण्यासारखंच असतं. पण उठताना एकदा खालच्या दगडाकडंही बघा. एवढं बोलून मी थांबते.

नाही, एक सांगायचं राहिलं. त्या वर्षीचा निकाल लागला तो ऐन उन्हाळ्यात. मी काळी, गुंडाळून पडलेली. आत्ती पाणी काढत होती. गुणमाला एसटीतून उतरून धावत आली आणि वरच्या पायरीवरूनच ओरडली, "आत्ती, निकाल लागला!"

आत्तीनं हात वर करून तिला थांबवलं. "मला कशाला आधी? परीक्षेला हुबी ऱ्हायली ती ही. हिला सांग."

गुणमाला चौथ्या पायरीवर बसली. ओंजळीत पाणी घेतलं, माझ्यावर सोडलं आणि मी जागी होईपर्यंत थांबली. मग वाकून, अगदी जवळ तोंड आणून म्हणाली, "आपण पास झालो गं, थोरले."